ड्रेनेज मॅडमचा महोत्सव

"त्यांना द्या. त्यांच्याकडे वेळ असतो," एवढंच प्राचार्य म्हणाले. म्हणताना त्यांनी मॅडमकडे पाहिलंसुद्धा नाही, चहाच्या कपात पाहिलं.

वास्तुकला महाविद्यालयात दरवर्षी एक महोत्सव व्हायचा. विद्यार्थी आणि शहरातले व्यावसायिक वास्तुविशारद यांनी एकत्र यावं, चार गोष्टी बोलाव्यात, असा त्याचा कागदोपत्री हेतू. प्रत्यक्षात व्यावसायिक पुढच्या खुर्च्यांवर बसून एकमेकांची भाषणं ऐकायचे आणि विद्यार्थी मागच्या दाराने एकेक करत पातळ व्हायचे. हे सगळं इतकी वर्षं अवकाश सर बघायचे. अवकाश सर हे संकल्पना विभागाचे प्रमुख. प्रत्येक वाक्यात एकदा तरी 'अवकाश' आल्याशिवाय त्यांचं वाक्य संपायचं नाही, म्हणून हे नाव. यंदा त्यांनी "मला आतून रितं वाटतंय" असं जाहीर केलं आणि महोत्सव पोरका झाला. बैठकीत प्रत्येकाने मिठाची गुळणी धरली. मग प्राचार्यांना मॅडम दिसल्या.

मॅडम बावीस वर्षं पाणीपुरवठा आणि सांडपाणी शिकवत होत्या. पाइप, उतार, टाक्या, भोकं. विद्यार्थ्यांना त्यांचं खरं नाव परीक्षेच्या वेळापत्रकावर वाचून आश्चर्य वाटायचं. एरवी सगळ्या इमारतीत त्या 'ड्रेनेज मॅडम'. याचं त्यांना वाईट वाटत नसे. म्हणजे पहिली पंधरा वर्षं वाटलं, नंतर नाकाला सवय झाली. पण 'वेळ असतो' हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. तीन वर्गांना शिकवायचं, दीडशे वह्या तपासायच्या, वर महाविद्यालयाचा कुठलाही नळ गळला की शिपाई प्लंबरच्या आधी यांना बोलवायचा. वेळ असतो म्हणे!

"करते मी," मॅडम म्हणाल्या. "पण मग माझ्या पद्धतीने करीन."

"करा की," प्राचार्य कपातच म्हणाले.

घरी नवऱ्याने बातमी ऐकून आधी वर्तमानपत्राची घडी घातली. तो विमा कंपनीत होता. जगात कुठे काय कोसळू शकतं याचा विचार करण्याचाच त्याला पगार मिळायचा.

"अगं, हात दाखवून अवलक्षण कशाला? नाही म्हणायचं होतंस."

"अहो, तेवढंच तर बावीस वर्षांत शिकले नाही."

"आणि तुझी पद्धत म्हणजे कुठली?"

ती मॅडमना बैठकीत ठाऊक नव्हती. भाजी निवडताना सुचली. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं होतं, "मॅडम, मोठ्या लोकांच्या नकाशात चुका होतच नाहीत का? भाषणात कुणी सांगत नाही." तेव्हा मॅडम हसून मोकळ्या झाल्या होत्या. आता त्यांनी भाजी तशीच ठेवली, हात पुसले आणि वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: चुकांचा महोत्सव. भाषणं नाहीत. सत्कार नाहीत. प्रत्येक व्यावसायिकाने आपण केलेली एक चूक घेऊन यायची, नकाशासकट फळ्यावर लावायची आणि पोरांना समजावून सांगायची. बस्स.

प्राचार्यांनी प्रस्तावावर सही केली. तो शुक्रवार होता आणि शुक्रवारी दुपारनंतर प्राचार्य कशावरही सही करत.

अवकाश सर मात्र अस्वस्थ झाले. "चूक हा शब्द फार ठोकळ आहे हो. 'विचलन' म्हणा. चुकीला अवकाश नसतो, विचलनाला असतो."

"सर, पाणी घरात शिरलं की लोक विचलन झालं म्हणत नाहीत," मॅडम म्हणाल्या आणि चाळीस पत्रं टाकून आल्या.

आठ दिवसांत उत्तरं यायला लागली. पहिलं उत्तर शहरातल्या सगळ्यात मोठ्या कार्यालयाचं: 'आमच्याकडे चुका होत नाहीत. क्वचित कंत्राटदाराच्या होतात.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'मी नेहमी काळाच्या पुढे राहिलो, हीच माझी चूक. स्वतंत्र फळा आणि चांगला उजेड मिळावा.' तिसऱ्याने कळवलं, 'माझ्या आठवणीत माझी अशी एकही चूक नाही. परंतु आमच्या समव्यवसायी मित्रांच्या तीन आहेत. फोटो सोबत. माझं नाव कृपया गुप्त ठेवावं.' ज्या मित्राचे ते तीन फोटो होते, त्या मित्राचंही पाकीट त्याच टपालात होतं. त्यात या पहिल्या मित्राच्या पाच चुका होत्या, मापांसह. एका तरुण जोडप्याने प्रांजळपणे लिहिलं होतं की आमची चूक अजून बांधकामाधीन आहे, गिलावा झाला की आणतो. आणि एका ज्येष्ठांनी एवढंच विचारलं होतं, 'सर्वोत्कृष्ट चुकीला पारितोषिक आहे काय?'

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मॅडमना माहीत होतं. पण बाब्यांची संख्या चाळीसपैकी एकोणचाळीस असेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी दुसरं पत्र पाठवलं. त्यात एकच वाक्य होतं: 'चूक स्वतःची असावी.'

मग परवानगीचं निघालं. महाविद्यालयाच्या मैदानात विद्यार्थी बांबू आणि कापडाचा मांडव उभारणार होते. त्याला नगरपालिकेच्या इमारत खात्याची परवानगी हवी, असं कार्यालयातल्या हेडक्लार्कनी सांगितलं. मॅडम अर्ज घेऊन गेल्या. खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज पाहिला, मग मॅडमना पाहिलं, मग पुन्हा अर्ज.

"छप्पर आहे?"

"आहे. कापडाचं."

"मग ही इमारत झाली. भिंती?"

"भिंती नाहीत."

"मग ही अपूर्ण इमारत झाली. अपूर्ण इमारतीत माणसं बसवायला परवानगी देता येत नाही."

"बरं, छप्पर काढून टाकलं तर?"

"मग ते मैदान झालं. मैदानं वरच्या मजल्यावर. आमच्याकडे नाही."

मॅडम वरच्या मजल्यावर गेल्या. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, मैदानाचा नकाशाही शोधून काढला. सगळं सुरळीत चाललं होतं. शिक्का शाईत बुडवून झाला होता. तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "कार्यक्रम कसला आहे म्हणायचा?"

"चुकांचा महोत्सव. वास्तुविशारदांनी इमारतींमध्ये केलेल्या चुका."

शिक्का हवेतच राहिला. "कुठल्या इमारती?"

"याच शहरातल्या."

"म्हणजे, आमच्या खात्याने मंजूर केलेल्या?"

मॅडमनी थोडा विचार केला. खोटं बोलायचं त्यांना जमत नसे आणि खरं कुठे थांबवायचं हेही जमत नसे. "बहुतेक सगळ्याच," त्या म्हणाल्या.

साहेबांनी शिक्का पुसला. अगदी रुमालाने पुसला. "ही फाईल वर जाईल," ते म्हणाले. त्या इमारतीला त्याच्या वर मजला नव्हता, गच्ची होती. पण फाईल गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचं बोलावणं आलं. टेबलावर मॅडमचा प्रस्ताव, त्यावर त्यांचीच शुक्रवारची सही आणि चेहरा आंबट.

"नगरपालिकेतून फोन होता. मॅडम, हे काय आहे? चुकांचा महोत्सव?"

"तुम्हीच सही केलीत, सर."

"मी चौकांचा वाचलं!" प्राचार्य ओरडले. "चौकांचा महोत्सव! मला वाटलं शहरातले चौक, कारंजी, पुतळे. चांगला विषय होता तो!"

आपलं अक्षर वाईट आहे हे मॅडमना मान्य होतं.

"अजून वेळ गेलेली नाही. नाव बदला. यशाचा महोत्सव करा. तेच लोक, तेच फळे. फक्त प्रत्येकाने यश लावायचं."

"ते तर दरवर्षीच लावतात, सर. पोरं पळून जातात."

"मग महोत्सव रद्द!"

मॅडम उठल्या. आयुष्यात कधी वरिष्ठांसमोर आवाज चढवला नव्हता. आताही चढला नाही, उलट खालीच गेला. "महाविद्यालयाचा रद्द," त्या म्हणाल्या. "माझा नाही."

घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे वाक्य बोलायला फार छान होतं, पण त्याला जागा लागते. नवऱ्याने तेच विचारलं. "आणि घेणार कुठे? आपल्या बैठकीच्या खोलीत? तिथे सोफा टाकल्यापासून दोन पाहुणेसुद्धा बसत नाहीत."

मॅडम बाल्कनीत गेल्या आणि खाली पाहिलं. खाली पार्किंग होतं. खांबांवर उभी इमारत, खाली मोकळं, वर छप्पर. भिंती नाहीत. अपूर्ण नव्हे, मंजूर.

पार्किंग हवं तर सूचनापेटी काकांना विचारायला हवं. पहिल्या मजल्यावरचे हे काका सोसायटीचे सेक्रेटरी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी जगाला सूचना देण्याचं काम अंगावर घेतलं होतं. कचरा कुठल्या हाताने टाकावा इथपासून ढगांनी कुठून यावं इथपर्यंत. मॅडमनी घाबरत घाबरत विषय काढला. काकांनी डोळे मिटून ऐकलं.

"वास्तुविशारद स्वतः येऊन चुका कबूल करणार?"

"असं ठरलं आहे."

"माझ्या हयातीत?"

"पुढच्या रविवारी."

काकांचे डोळे उघडले ते भरून आलेले होते. त्यांनी आत जाऊन एक जाड वही आणली. या इमारतीतल्या सदतीस चुका, अकरा वर्षांत नोंदवलेल्या, तारीखवार. "याही लावायच्या. ही माझी अट."

"काका, ह्या तक्रारी झाल्या. तक्रार दुसऱ्याने करायची असते. चूक ज्याची त्याने सांगायची."

काकांना हा फरक पटला नाही. पण माणसं येणार, त्यांना खुर्च्यांची दिशा दाखवावी लागणार, या कल्पनेने त्यांनी होकार दिला. वर एक सूचना दिली, की जिन्यात उभं राहून बोलल्यास आवाज चौथ्या मजल्यापर्यंत जातो, तेव्हा माइक नको.

रविवारपर्यंत गाड्या हलवायच्या होत्या. सगळ्यांनी हलवल्या. एक निळी गाडी तेवढी कोपऱ्यात अडकून राहिली. तिच्या एका अंगाला कंपाउंडची भिंत आणि दुसऱ्या अंगाला इमारतीचा खांब, तोही इतका जवळ की दार वीतभरच उघडायचं. मालक बिचारा मागच्या दाराने आत शिरून, सीटवरून पुढे सरपटत स्टिअरिंगपर्यंत पोचायचा. हल्ली त्याने गाडीचा नाद सोडून बस धरली होती. विद्यार्थ्यांनी गाडीवर चादर टाकली आणि तिच्यावर चहाचे कप मांडले.

साठ विद्यार्थी आले. त्यांनी खांबाखांबातून दोऱ्या ओढल्या, चित्रकलेचे फळे टांगले. नवरा म्हणाला की आपण काही यात नाही, आणि मग दोन तास शिडी धरून उभा राहिला. मॅडमची नणंद दोन गल्ल्या पलीकडे राहायची, तीही आली. वन्संना वहिनीच्या नोकरीतलं काही कळत नसे, पण गर्दीत कुणी वहिनीचा अपमान केला तर आपण असावं, असं त्यांना वाटायचं. त्यांनी पहिल्या रांगेतली मधली खुर्ची धरली आणि पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

आणि व्यावसायिकही आले. चांगले एकतीस. महोत्सव रद्द झाल्याचं प्राचार्यांनी सगळ्यांना कळवलं होतं, त्यामुळे ज्यांना यायचं नव्हतं तेही काय झालंय ते बघायला आले. शिवाय दुसऱ्याने काय कबूल केलंय हे वाचण्याची उत्सुकता प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होती. आपापली चूक त्यांनी फळ्यावर लावली आणि हात मागे बांधून बाकीचे फळे बघायला निघाले.

मॅडमही निघाल्या आणि त्यांचा जीव खाली खाली जायला लागला. 'अतिपरिपूर्णतेचा ध्यास.' 'ग्राहकावर ठेवलेला विश्वास.' 'खिडकी इतकी सुंदर झाली की लोक भिंत बघेनात.' एकाने स्वतःचाच फोटो लावला होता आणि खाली लिहिलं होतं: 'फार नम्र राहिलो.' साठ पोरं वह्या उघडून उभी होती आणि लिहिण्यासारखं कुणाला काही सापडत नव्हतं. मागची दोन हळूच फाटकाकडे सरकायलाही लागली.

मॅडमच्या हातात स्वतःचा कागद होता. त्यावर एका वसतिगृहातलं हात धुण्याचं बेसिन होतं, चार इंच उंच बसलेलं. खरी चूक होती ती, पण निरुपद्रवी. बुटक्या माणसांनी चार दिवस कुरकुर केली असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मॅडमनी महिनाभर विचार करून ती निवडली होती. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून त्यांनी तो कागद उलगडला आणि समोर पाहिलं. वन्सं अभिमानाने त्यांच्याकडे बघत होत्या. 'फार नम्र राहिलो' वालेही बघत होते.

आपण यांच्यापेक्षा वेगळं काय करतोय, असं मॅडमना वाटलं आणि त्या वाटण्याची त्यांना इतकी चीड आली की त्यांनी बेसिनची घडी करून पर्समध्ये टाकली.

"पंधरा वर्षांपूर्वी," त्या म्हणाल्या, "मी एक न्हाणीघर काढलं. नातेवाइकांचं. आठ बाय पाच. फरशीला उतार कुठे द्यायचा हे नकाशात बाणाने दाखवतात. उताराचा बाण खाली, जिथे पाणी जातं तिकडे. जिन्याचा बाण वर, जिथे माणूस जातो तिकडे. मी त्या दिवशी आधी जिना काढत होते. त्याच हाताने न्हाणीघराचाही बाण काढला. वरच्या दिशेला. म्हणजे भोकाकडून दाराकडे."

साठ पेन्सिली चालायला लागल्या.

"गवंड्याने मला फोन केला होता. म्हणाला, बाई, पाणी दाराकडे घ्यायचं का? मला राग आला. मी हा विषय शिकवते आणि हा मला विचारतो! मी म्हटलं, कागदावर आहे तसं करा. त्याने केलं. पहिल्या दिवशीच पाणी झोपायच्या खोलीत गेलं. मी कागद पाहिला. चूक माझी होती. आणि मी सगळ्यांना सांगितलं, गवंड्याने बाण उलटा वाचला."

एवढं बोलून मॅडमनी पहिल्या रांगेकडे बघायचं टाळलं. त्याचा उपयोग झाला नाही.

"वहिनी!" वन्सं खुर्चीवरून उठल्याच. "म्हणजे गवंड्याची चूक नव्हती?"

"नव्हती, वन्सं."

"पंधरा वर्षं मी दारात फडकं टाकतेय! आणि ह्यांनी त्या माणसाला काय काय बोलून घालवला होता. सगळ्या गल्लीसमोर!"

"माहीत आहे."

वन्संची पर्स एका हातातून दुसऱ्या हातात गेली. मग त्या खाली बसल्या आणि साऱ्या पार्किंगला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "घरी ये, मग बघते." त्यात जितका राग होता तितकंच 'घरी ये'ही होतं, पण हे मॅडमना नंतर सुचलं. पुढच्या पोराने विचारलं, "मॅडम, मग बाणाच्या शेजारी नेहमी उताराचा आकडा लिहायचा का? म्हणजे घोटाळा होणार नाही?" आणि मॅडम पायरीवरून उतरून, खडू घेऊन, जमिनीवर तो बाण काढून दाखवायला लागल्या. पोरांनी कडं केलं. फाटकाकडची दोघंही परत आली.

इकडे सूचनापेटी काकांनी आपली शिकार पकडली होती. अवकाश सर चहाचा कप घ्यायला निळ्या गाडीपाशी वाकले, तर काकांनी त्यांना खांबापाशीच अडवलं.

"हा खांब इथे का आहे, हे तुम्ही सांगू शकाल का?"

अवकाश सरांनी खांबाकडे पाहिलं. मग वर छताकडे, मग बाहेर जाऊन इमारतीकडे. परत आले तेव्हा त्यांचा रंग बदललेला होता. "ही इमारत, मी नवीन होतो तेव्हा..." ते म्हणाले. "आता रंग दुसरा दिलाय, म्हणून ओळखली नाही."

"तुमची?" काकांच्या आवाजात अकरा वर्षांचं दुःख होतं.

"खांबामुळे अवकाशाला एक..." अवकाश सर थांबले. साठ विद्यार्थी जमिनीवरून माना वर करून बघत होते. सरांनी वाक्य अर्धवट सोडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "चुकलं माझं," ते म्हणाले. "मी नकाशात गाडी काढली होती. दार उघडलेली गाडी काढली नव्हती."

काकांनी वही काढून तिच्यात बरोबरची खूण केली आणि सरांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

आणि मग जे झालं त्याला महोत्सव म्हणावं की कुस्त्यांचा आखाडा, हे मॅडमनाही ठरवता आलं नाही. तिसरे एक गृहस्थ पुढे आले. "दार उघडत नाही, ही काय चूक? माझ्या एका बंगल्यात जिना माळ्यावर पोचला, तिथे माळाच नव्हता." "अहो, माळ्याचं काय घेऊन बसलात," दुसरे सरसावले, "मी एका दवाखान्यात लिफ्ट बसवली, तिच्यात स्ट्रेचर मावत नाही. आडवा पेशंट उभा करून न्यावा लागतो." वास्तुविशारद हा मूळचा चढाओढीचा प्राणी. यश असो की चूक, शेजाऱ्याची मोठी दिसली की त्याला राहवत नाही. 'फार नम्र राहिलो' वाल्यांनी आपला फोटो काढून घेतला आणि त्या जागी वाचनालयाचा नकाशा लावला, ज्यात पुस्तकांचं वजन धरायचं राहून गेलं होतं. आमच्याकडे चुका होत नाहीत असं लिहिणाऱ्या मोठ्या कार्यालयाचे मालक गुडघ्यावर बसून, खडूने, एका विद्यार्थिनीला स्वयंपाकघराच्या धुराड्याबद्दल सांगत होते. "आणि हे कुणाला सांगू नकोस," असं म्हणत होते, वीस जणांसमोर.

प्राचार्य आले तेव्हा पार्किंगच्या जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे खडूच्या भिंती, खडूची दारं. ते एका खडूच्या भिंतीवर थांबले.

"हे ताबडतोब बंद करा. मी महोत्सव रद्द केला आहे."

"महाविद्यालयाच्या आवारात, सर," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या साडीला, कपाळाला, केसांना खडू लागला होता. "इथे मी भाडं नाही, मेंटेनन्स भरते."

"सेक्रेटरी कोण आहे इथला?"

"मी," सूचनापेटी काका छाती काढून पुढे आले. "आणि तुम्ही भिंतीवर उभे आहात. दारातून या."

सगळे हसले. प्राचार्यांनी खाली पाहिलं, आणि संतापलेला माणूस करणार नाही असं काहीतरी त्यांच्या पायांनी केलं. ते दोन पावलं बाजूला सरकून खडूच्या दारातून आत आले. मॅडमनी खडू पुढे केला. "तुमच्यासाठी एक फळा आहे, सर. महाविद्यालयाचं वाचनालय तुम्हीच काढलंत, तिथला वारा..."

"माझ्याकडे वेळ नाही," प्राचार्य म्हणाले आणि गेले. जाताना मात्र दार-भिंत न बघता गेले.

सोमवारी पत्र आलं. घडलेल्या चुकीबद्दल शनिवारपर्यंत लेखी माफी द्यावी, अन्यथा पुढील कार्यवाही. नवऱ्याने ते तीन वेळा वाचलं आणि एक मसुदा तयार केला. अत्यंत विनम्र, कुठेही जबाबदारी न घेणारा, विमा कंपनीत तयार होतात तसा.

"सही कर फक्त. दोन ओळींचा प्रश्न आहे. आणि तू तर चुका कबूल करण्यात आता प्रसिद्धच झालीस."

"बघू," मॅडम म्हणाल्या आणि फोनची जुनी वही घेऊन बसल्या. त्यात एक नंबर शोधायचा होता. तो बदललेला निघाला. मग दुसऱ्याला विचारून, तिसऱ्याकडून, चौथ्याच्या जावयाकडून तो मिळाला.

शनिवारी सकाळी म्हातारा गवंडी वन्संच्या दारात आला. केस पांढरे, खांद्याला तीच पिशवी, तीत थापी आणि उतार बघायची पाणसळ. मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या. नवराही आला होता, खिशात मसुदा आणि पेन घेऊन. मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, तेव्हा चूक माझी होती. तुम्ही विचारलं होतंत. मी ऐकलं नाही, आणि वर नाव तुमचं घेतलं. माझं चुकलं. माफ करा."

गवंडी पिशवी खाली ठेवायचा थांबला. त्याने वन्संकडे पाहिलं. वन्सं पदराशी चाळा करत होत्या. "आमच्या ह्यांचंही चुकलं," त्या म्हणाल्या. "ते आत लपून बसलेत. येतील बाहेर चहाला."

"मी त्या गल्लीतून यायचंच सोडलं होतं," गवंडी म्हणाला. मग न्हाणीघराच्या दारात उकिडवा बसला, फरशीवर बोट फिरवलं, आणि पंधरा वर्षं जुन्या आपल्याच कामाकडे बघून म्हणाला, "काम मात्र पक्कं केलं होतं बाई. फोडायला त्रास होईल."

"कागद करून आणलाय," मॅडमनी पर्समधून नकाशा काढला. बाण खालच्या दिशेला होता, शेजारी आकडा होता, आकड्याखाली दोन रेघा होत्या.

"कागद राहू द्या," गवंडी म्हणाला. "पाणी ओतून बघू. त्याला कागद लागत नाही."

दुपारपर्यंत फरशी निघाली, संध्याकाळपर्यंत नवी बसली. रविवारभर ती सुकू दिली. सोमवारी सकाळी सगळे पुन्हा दारात जमले. मॅडम, वन्सं, वन्संचे यजमान, मसुदा अजून खिशात असलेला नवरा. गवंड्याने बादली भरायला लावली. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला.

"मॅडम," प्राचार्यांचा आवाज होता, "शनिवार होऊन गेला. माझ्या टेबलावर तुमची माफी नाही."

"मागून झाली, सर. शनिवारीच."

"कुणाकडे दिलीत?"

"ज्यांची मागायची होती त्यांच्याकडे."

"मला कोड्यात बोलू नका! त्या महोत्सवाबद्दल काय म्हणायचंय तुम्हाला?"

नवऱ्याने घाईघाईने मसुदा पुढे धरला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मॅडमनी तो वाचला. चांगला लिहिला होता.

"पुढच्या वर्षी पण घेणार आहे," त्या म्हणाल्या. "लेखी हवं असेल तर लेखी देते. अक्षर नीट काढीन, म्हणजे चौकांचा वाचला जाणार नाही." आणि त्यांनी फोन बंद केला.

नवऱ्याने मसुद्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि बायकोच्या शेजारी, दारात, बघायला बसला.

"हं, ओता," मॅडम म्हणाल्या.

गवंड्याने बादली उपडी केली. पाणी फरशीवर पसरलं, क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं आणि मग सगळंच्या सगळं, एका थेंबाचीही कुरकुर न करता, कोपऱ्यातल्या भोकाकडे निघालं.